चि. दत्तूस

धुळे, 11 फेब्रुवारी 1973



काल जळगावाकडून आलेल्या एका गृहस्थांनी सहज बोलता बोलता सांगितले, की तू देवघरातला दिवा लावणे सोडलेस आणि रात्री ताट सारून कोरड्या विहिरीच्या काठावर एकटाच बसून असतोस. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वास्थ्य नाही. तीन साले कापूस हाती लागला नाही, तगाईचे हप्ते थकले, बैलजोडी गेली. आणि यातले एक अक्षर तू मला कळवले नाहीस, हा अपराध मी सहजी विसरणार नाही. विहिरीवर कशाला जातोस?

‘देवाने काय दिले’ असे आईला विचारलेस म्हणे. अरे, तुझ्या शिवारापासून हाकेच्या अंतरावरल्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईला त्याने काय दिले होते? तिशीच्या सुमारास वैधव्य, पदरात तीन लेकरे, अक्षराची ओळख नाही. तरी जात्याच्या खुंट्याला हात लागला की त्या माउलीच्या मुखी गाणे येई. 1951 साली ती गेली, पुढल्या वर्षी तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, गाणी छापली, तेव्हा जगाला कळले; दळताना तिला कोण दाद देत होते?

पण तुला शहाणपण सांगणारा मी तरी कोण! 1932 साली येथल्या तुरुंगात विनोबा गीता सांगत होते, साने गुरुजी ती उतरवून घेत होते, आणि त्याच भिंतीलगतून रोज कचेरीत जाणारा मी, पहिला मुलगा गेल्याच्या दुःखात, देवाशी अबोला धरून होतो. देवाशी धरला तो धरला, तुझ्या काकूशीही धरला. दोन वर्षे ती एकटीच वात वळीत राहिली. देवाचे काही बिघडले नाही. तिचे केस मात्र ऐन पंचविशीत पिकले.

म्हणून, बाबा, दिवा तूर्त नाही लावलास तरी चालेल. देवाशी खुशाल भांड. पण ते घरात, आईच्या देखत भांड. त्या विहिरीवर नको.

रागाने चार शब्द अधिक लिहिले, ते मनावर घेऊ नकोस. जमिनीच्या उताऱ्याची नक्कल काढून ठेव. तगाईच्या तहकुबीचा अर्ज मी लिहून आणतो. काकू कळण्याचे पीठ बांधून देते आहे. बुधवारच्या एस.टी.ने निघतो. तोवर आईच्या खोलीत नीज. मी आल्यावरही विहिरीवर जावेसे वाटले, तर कंदील घेऊन दोघे जाऊ.

तुझा,
नानाकाका