कुलरसमोरचं चित्र

अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या घरात बाबांनी काढलेलं एक जलरंग चित्र होतं. अचलपूरच्या स्टेशनात उभी असलेली शकुंतला आगगाडी, तिचं वाफेचं इंजिन आणि डब्यापाशी गाठोडं घेऊन उभी एक बाई. बाबा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. वर्षभर पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी बसवायचे आणि सुट्टी लागली की रंगांची पेटी घेऊन स्वतः बाहेर पडायचे. 1994 साली शकुंतलेचं वाफेचं इंजिन बंद झालं आणि पुढं ती गाडीही थांबली. त्यामुळं ते दृश्य समोर बसून आता कुणालाच रंगवता येणार नाही. ते चित्र माझ्या हातून गेलं. कसं गेलं ते सांगते, कारण अमरावती-अकोल्याकडच्या पुष्कळ घरांत तशीच भिंत आहे आणि तसाच कुलर.

बाबा गेल्यावर आम्ही घर नव्यानं करायला काढलं. घर जुनं, तळमजल्याचं, खाली काळी माती. सजावटीचं काम एका माणसाकडे दिलं. त्यानं आधी सोफा ठरवला, मग सोफ्याला शोभणारा पडदा, मग पडद्याला शोभणारा भिंतीचा रंग. भिंतीवर काय, हा प्रश्न सगळ्यात शेवटी आला. त्याचं उत्तर त्याच्याकडे तयारच होतं: तीन तुकड्यांचं छापील कॅनव्हास, राखाडी आणि सोनेरी. बाबांची सहा चित्रं ‘थीममध्ये बसत नाहीत’ म्हणाला. मी मान डोलावली. चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळली, वरून प्लास्टिक लावलं आणि सज्ज्यावर टाकली. आजीची लक्ष्मीची तसबीरही त्यांच्यासोबत गेली.

घर छान दिसलं. येणारे-जाणारे म्हणायचे, अगदी हॉटेलात आल्यासारखं वाटतं. मला ते कौतुक वाटायचं. दीड वर्षानं भाचा मुक्कामाला आला आणि बैठकीत बसल्या बसल्या त्यानं विचारलं, “मावशी, आजोबांचं काहीच नाही का इथं?” त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की घर सजवायला काढाल तेव्हा सोफ्यापासून सुरुवात करू नका. आपल्याकडे काय आहे ते आधी जमिनीवर मांडा. चित्र असेल, आजीची गोधडी असेल, लग्नातला एखादा फोटो, पोरानं तिसरीत काढलेला बैल. त्यातलं ज्याच्यापाशी आपले डोळे थांबतात ते बाजूला काढा. त्याला कोणती भिंत द्यायची ते ठरलं की मग रंग, पडदे, बसायची जागा. सोफा दहा वर्षांनी बदलतो, बाबांचं चित्र बदलत नाही. सजावटीच्या माणसाला पैसे देतो म्हणून आपली आवडही त्याच्याच हवाली करायची, असं काही नाही. त्याचं काम जागा, उजेड आणि सामान यांचा मेळ बसवायचं. आवड कळवायचं काम आपलं, आणि ते पहिल्याच दिवशी करायचं.

सज्ज्यावरून चित्रं खाली काढली तर दोन कागद पिवळे पडले होते. वर्तमानपत्राच्या हलक्या कागदात आम्ल असतं, ते शेजारच्या कागदाला खातं. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. ठेवायचीच वेळ आली तर स्वच्छ सुती कापड वापरा, चित्र आडवं ठेवा आणि पावसाळ्यात एकदा तरी उघडून पाहा.

इथवर नुकसान थोडं होतं. खरी चूक मी यानंतर केली, तीही प्रेमाच्या भरात. सहाही चित्रं लगेच भिंतीवर हवी होती आणि खोली तर आधीच भरून गेलेली. टीव्हीची भिंत गेली, कपाटाची गेली. मोकळी उरली ती खिडकीतल्या कुलरच्या थेट समोरची. शकुंतला तिथंच गेली, कारण ती सगळ्यांना दिसावी असं मला वाटत होतं. त्याच आठवड्यात रंगारी हात मारायला आला होता. भिंतीवरून तळवा फिरवत म्हणाला, “ताई, ह्या भिंतीले खालून ओल हाये जी. चित्र कायले लावता अठी?” मी म्हटलं, पुट्टी मारली की होईल. तो म्हणाला, “पुट्टीनं ओल झाकते, जात नाई.” माझ्या पूर्ण घरात त्या भिंतीबद्दल सगळ्यात जास्त जाणणारा माणूस तोच होता आणि मी त्याचं ऐकलं नाही.

मे महिन्यात इथं पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. कुलर रात्रंदिवस चालतो. त्याचा वारा गार असतो कारण तो ओला असतो, हे आपल्याला माहीत असतं. पण तो ओलावा पुढं कुठं जातो, याचा विचार आपण करत नाही. वारा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी नसली की तो समोरच्या भिंतीवर बसतो. वरून आमची काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि तिच्यावरचं घर तिच्यासोबत हलतं. मे महिन्यातली बारीक चीर जुलैत ओल घेऊन आत येते. फ्रेमवाल्यानं काच सरळ कागदावर टेकवली होती, मध्ये माउंट नव्हता. मागं साधा हार्डबोर्ड. ऑगस्टमध्ये इंजिनाच्या धुरापाशी काळे ठिपके दिसले. मला वाटलं धूळ. फ्रेम उघडली तेव्हा आभाळ काचेला चिकटून आलं, कागदावर नुसता ओरखडा राहिला.

म्हणून फ्रेम करताना पैसे वाचवायचे असतील तर बाहेरच्या पट्टीत वाचवा, आतल्या सामानात नको. काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट हवाच, आणि तो आम्लविरहित हवा. तसं स्पष्ट सांगून मागून घ्या. मागची बाजू टेपनं बंद करा, नाहीतर कसर आत शिरते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यातून हवा खेळते. हा खर्च चहाच्या दोन कपांइतका आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच आहे.

दुसरं चित्र बहिरमच्या जत्रेचं. शकुंतलेचं असं झाल्यावर मी घाबरले आणि जत्रेचं चित्र घेऊन एका दुकानात गेले. “लॅमिनेशन करून टाका, जन्मभर पाहायला नको,” असं सांगण्यात आलं. मी केलं. गरम दाबाखाली चित्रावर प्लास्टिकचा थर बसला. कागदाचा खरबरीतपणा गेला, तंबूंचा पांढरा रंग मेणचट झाला, आणि तो थर आता निघत नाही. काढायला गेलं तर रंगही येईल.

अजिंठा आपल्याला लांब नाही. निजामाच्या सरकारनं 1920च्या सुमारास तिथली चित्रं वाचवायला इटलीहून तज्ज्ञ बोलावले होते. त्यांनी सुटणारा रंग धरून ठेवायला लाखेचं व्हार्निश वापरलं. ते पुढं पिवळं पडलं, त्याखाली रंग झाकले गेले, आणि ते उतरवण्याचं नाजूक काम नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना करावं लागलं. एवढ्या जाणकार माणसांकडूनही जे झालं, ते चौकातल्या दुकानात आपण दहा मिनिटांत करून घेतो. चित्राला जे लावलं ते पुन्हा काढता येणार नसेल, तर ते लावूच नका.

उजेडाचंही तसंच. संग्रहालयात जलरंगावर साधारण 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, तैलरंगाला 200च्या आसपास चालतो. आपल्या पश्चिमेच्या खिडकीतलं दुपारचं थेट ऊन हजारो लक्सचं असतं. त्या भिंतीवर कागदावरचं चित्र लावायचंच नाही. तिथं मातीचं, पितळेचं, लाकडाचं काही ठेवा. फोकसचा दिवा चित्राच्या नाकाशी लावू नका. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांच्या आसपास ठेवा. आपल्याकडे देवांच्या तसबिरींसारखी सगळीच चित्रं छताजवळ टांगतात आणि मग ती कुणी पाहत नाही.

लक्ष्मीची तसबीर मात्र वाचली. जुना छापील ओलिओग्राफ आहे. राजा रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढल्यावर देवादिकांची अशी चित्रं घराघरांत पोचली आणि बायका त्यांना जरी, टिकल्या, मणी लावून नटवू लागल्या. आजीनंही लक्ष्मीच्या पदराला खरी जर चिकटवली आहे. ‘थीम’वाल्याला ती जुनाट वाटली होती. आज बैठकीत शिरल्यावर पहिली नजर तिच्यावर जाते, आणि भिंतीचा रंग मी तिच्या साडीवरून निवडला आहे. तीन तुकड्यांचं कॅनव्हास देऊन टाकलं.

उरलेली चार चित्रं आता आतल्या, कोरड्या भिंतीवर आहेत. त्या भिंतीसाठी टीव्ही दुसऱ्या खोलीत नेला. घरातले आठवडाभर कुरकुरले, नंतर सवय झाली. प्रत्येक चित्राचा चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवला आहे. शकुंतलेचा तसा एकही फोटो आमच्याकडे नाही. एवढी वर्षं समोर होती, म्हणून कुणी काढलाच नाही.

मार्चमध्ये कुलर खाली उतरवाल, खस बदलाल, टाकी धुवाल. त्या दिवशी कुलर सुरू करण्याआधी एकदा त्याच्या समोरच्या भिंतीकडे पाहा. तिथं कागदावरचं काही टांगलेलं असेल तर तेवढं आधी काढून घ्या.