‘पुन्हा सांगा’ म्हणता आलं पाहिजे

परदेशी भाषेच्या वर्गातून मोठी माणसं गळतात ती व्याकरणापायी नव्हे, लाजेपायी, असं माझं मत आता पक्कं झालं आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून नर्सिंग किंवा आयटीआय झालेल्या मुलांच्या घरांत जर्मनच्या ए-वन, बी-वन या पातळ्यांची भाषा जास्तच ऐकू येते. यातली बरीच मुलं लिहायला चोख असतात. डेर-डी-दास या लिंगानुसार बदलणाऱ्या उपपदांचे तक्ते पाठ, गृहपाठ वेळेवर. पण शिक्षकांनी ‘बोला’ म्हटलं की मान खाली. एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये वर्गातली ही भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली केली. बोलताना इतर विद्यार्थी हसतील ही धास्ती तीत स्वतंत्रपणे नोंदवलेली आहे. अमेरिकेतल्या ग्वियोरा यांचा १९७२ चा प्रयोग तर गमतीचा आहे. थोडीशी दारू पोटात गेल्यावर लोकांचे थाई भाषेतले उच्चार सुधारले, जास्त झाल्यावर पुन्हा बिघडले. (हा सल्ला नाही.) म्हणजे जीभ तयार होती, तिला अडवणारा पहारेकरी तेवढा जरा डुलकी घेत होता.

हा पहारेकरी आपल्याकडे जर्मनच्या वर्गात नेमला जात नाही, तो फार आधी, मराठी शाळेतच नेमलेला असतो. पनवेल-उरणच्या आगरी घरातलं मूल ‘पानी’ म्हणालं की वर्ग हसतो आणि गुरुजी ‘शुद्ध बोल’ म्हणतात. घरी आजी जे बोलते तेच शाळेत चूक ठरतं, तेव्हा मुलाला शुद्ध उच्चार शिकवला जातोच, पण गप्प बसण्यातली सुरक्षितताही शिकवली जाते. पुढे इंग्रजी हीच शिकवणी आणखी घट्ट करते. वीस-बावीस वर्षांनी तोच मुलगा जर्मनच्या बाकावर बसतो तेव्हा ती शिस्त सोबत घेऊनच बसतो. म्हणून त्याला ‘धीट हो’ एवढंच सांगणं मला फारसं उपयोगाचं वाटत नाही. धीट नसण्यामागे इतक्या वर्षांचा सराव असतो.

मग करायचं काय? मला वाटतं, जो दिलदारपणा आपण दुसऱ्याला सहज दाखवतो, तोच स्वतःच्या वाट्याला येऊ द्यायचा. पनवेलच्या रुग्णालयांत मल्याळी सिस्टर असतात. त्यांच्या भाषेत नामांना आपल्यासारखं व्याकरणिक लिंग नाही, त्यामुळे ‘तुमची आई झोपला’ असं एखादं वाक्य कानावर येतं. रुग्णाच्या नातेवाइकाला अर्थ कळतो, वर कौतुकही वाटतं: केरळातून येऊन किती छान बोलते! (भाषेच्या राजकारणाचं सोडा, मी पलंगाशेजारच्या मराठीबद्दल बोलतो आहे.) त्याच नातेवाइकाने जर्मनमध्ये ‘दास’च्या जागी ‘डेर’ म्हटलं की मात्र त्याचे कान लाल होतात. चूक एकाच जातीची, न्याय दोन. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्व-करुणेची जी मांडणी केली तिच्यात हेच आहे: स्वतःशी मायेनं वागणं, आपली अडचण सगळ्यांचीच असते हे ओळखणं, आणि जे वाटतं आहे ते न फुगवता, न दडपता पाहणं.

पनवेलच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, कुटुंबांना हे कोणी शास्त्र म्हणून शिकवलं नव्हतं. इथलं बेथ एल सिनेगॉग १८४९ चं. पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना हिब्रूत आणि संसार मराठीत चालला. १९४८ नंतर कोकणातून माणसं इस्रायलला गेली, तेव्हा प्रार्थनेतली हिब्रू बाजारात पुरेना. पाव केवढ्याला, बस कुठली, हे वयाच्या चाळिशीत नव्याने विचारावं लागलं. प्रौढ स्थलांतरितांना हिब्रूतूनच हिब्रू शिकवणारे ‘उल्पान’ वर्ग १९४९ पासून सुरू झाले, आणि तिथे पोलंडचा, येमेनचा, मोरोक्कोचा असा सगळ्यांचाच उच्चार परका होता. एकटा चुकणारा तिथे कोणीच नसल्याने हसण्याची धारही बोथट होत असणार. मराठी तरीही सुटली नाही; तिथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघत राहिलं.

यावर रास्त हरकत अशी की चुकांना माया लावली तर त्या कायमच्या घर करतील. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये दाखवलंच आहे की शिकणाऱ्याच्या भाषेत काही चुका गोठून बसतात. पण दुरुस्ती व्हायला चूक आधी तोंडाबाहेर तर पडली पाहिजे. न बोललेलं वाक्य कोण सुधारणार? मायेचा अर्थ ढिलाई असा घेऊ नये. चुकीची नोंद वहीत करायचीच, फक्त शेजारी ‘मी मठ्ठ’ असा शेरा मारायचा नाही. दुसरी हरकत जास्त गंभीर आहे: औषधाच्या मात्रेत चूक झाली तर माया काय कामाची? जर्मनमध्ये पंधरा म्हणजे ‘फ्युन्फत्सेन’ आणि पन्नास म्हणजे ‘फ्युन्फत्सिश’. फोनवर घाईत दोन्ही सारखेच ऐकू येऊ शकतात. इथे धोका नेमका कुणाचा? ‘कळलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणणाऱ्या परिचारिकेचा नाही, लाजेखातर ‘या, या’ (हो, हो) करत मान हलवणारीचा आहे. तिचं बी-टूचं प्रमाणपत्र तिथे कामाला येणार नाही.

तेव्हा शिकणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. डेर-डी-दासच्या आधी ‘हळू बोला’, ‘पुन्हा सांगा’, ‘लिहून द्याल का’ ही तीन वाक्यं तोंडात बसवा आणि वर्गात, कळलेलं असतानाही, मुद्दाम वापरा. घरच्यांसमोर बोलायचा सराव नको. पहिल्या महिन्यात हसणारे तेच असतात. आणि गोएथे संस्थेच्या बी-वन परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण हे चार भाग वेगवेगळे देता येतात. संभाषणात नापास झालात तर तेवढाच भाग पुन्हा द्यायचा असतो. उरलेले तीन पास झालेले असतील, तर ते पासच राहतात.