आत्याचे कानमंत्र : फिजिओथेरपी शिकायला निघालेल्या भाचीसाठी

नीटचे गुण आले, बीपीटीएचला प्रवेश मिळाला, पेढेही वाटून झाले. आता जरा निवांत बस माझ्याजवळ. ‘एमबीबीएस हुकलं म्हणून इकडे आली’ असं घरातलंच कुणीतरी कुजबुजेल, ते मनावर घेऊ नकोस. पोलिओ लहान मुलांचे पाय लुळे करत होता, त्या काळात, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईच्या केईएम रुग्णालयात या शिक्षणाची देशातली पहिली शाळा निघाली. आपला पेशा गरजेपोटी जन्माला आला आहे एवढं पक्कं ध्यानात ठेव, आणि पुढचं ऐक.

१. स्नायू पाठ करताना तो आधी स्वतःच्या अंगावर चाचपून बघ, मग मैत्रिणीच्या — परीक्षेत पुस्तक आठवतं, पेशंटपुढे बोटांनाच आठवावं लागतं.

२. तुझ्यामागून येणाऱ्या धाकट्यांना सांग, कॉलेजची इमारत बघू नका, त्याच्या रुग्णालयाची सकाळची ओपीडी बघा — रिकाम्या खाटेवर विद्या येत नाही.

३. नखं कापलेली, अंगठी-कडं काढलेलं, हात चोळून ऊबदार केलेले — थंड हात लागला की दुखरा स्नायू आणखी आखडतो.

४. ‘कुठे दुखतं?’ विचारायच्या आधी पेशंट आत कसा आला ते बघून घे : चप्पल कशी काढली, खुर्चीत बसताना कुठल्या हातावर भार टाकला. तोंड विसरतं, चाल विसरत नाही.

५. दुखण्याबरोबर ‘काय करता येत नाही?’ हेही विचार. खांदा धरलेल्या बाईला ‘हात किती वर जातो’ विचारलंस तर ती ‘बरा जातो’ म्हणेल. वेणी घालता येते का, ब्लाउजचे मागचे हूक लागतात का, वरच्या फळीवरचा डबा निघतो का, असं विचार, म्हणजे तिचे डोळे भरून येतील आणि तुला खरा आजार कळेल. मधुमेह असलेल्यांचा खांदा जास्त वेळा धरतो, तेव्हा साखरेची चौकशीही त्याच बैठकीत कर.

६. गुडघा किती वाकतो ते गोनिओमीटर लावून बघ आणि तारीख टाकून लिही — अंदाज रोज बदलतो, आकडा वहीत राहतो. खुर्चीत बसायला साधारण ९० अंश पुरतात, उकिडवं बसायला त्याहून पुष्कळ जास्त लागतात. म्हणून गुडघा बदललेल्या आजोबांना ‘खाली बसाल हो’ असं वचन सर्जनशी बोलल्याशिवाय देऊ नकोस.

७. शेक देण्याआधी तिथल्या कातडीला गरम-गार कळतं का ते तपास, आणि मधुमेही माणसाचे पाय असतील तर दोनदा तपास — ज्याला चटका कळतच नाही तो ओरडणार कसा?

८. शॉर्टवेव्ह लावण्याआधी पेसमेकर आहे का, अंगात कुठे धातूची पट्टी किंवा स्क्रू आहे का, हे तोंडाने विचार. केसपेपरवर लिहिलेलं असेलच असं धरून चालू नकोस.

९. एकाच पायाची पिंढरी सुजली आहे, गरम लागते आहे, दुखते आहे? चोळायची नाही. आधी डॉक्टरांना दाखव — आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आणि कंबरदुखीचा पेशंट ‘लघवीवर ताबा राहत नाही’ किंवा ‘बसायची जागा बधिर झाली’ म्हणाला, तर त्याला उद्याची वेळ देऊ नकोस, त्याच घटकेला पुढे पाठव.

१०. बरेच दिवस झोपून असलेल्याला आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसव, चक्कर येते का विचार, रक्तदाब बघ, मग उभं कर. व्हीलचेअर असेल तर दोन्ही ब्रेक लागलेत का, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला झाल्यात का, ते पेशंटला हात लावण्याआधी बघ. ब्रेक आधी, धीर मग.

११. लकवा झालेल्या माणसाला उठवताना त्याचा लुळा हात ओढू नये, हे तुला वर्गात शिकवतील. पण वॉर्डात तो हात ओढणार सून, नातू आणि रात्रपाळीची मावशी. ते प्रेमानंच ओढतात, आणि आधीच सैल पडलेला खांदा त्यानं दुखावतो. म्हणून उठवायची रीत त्या तिघांना शिकव, त्यांच्याकडून करून घे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करायला लाव.

१२. हात लावण्याआधी पडदा ओढ, काय करणार आहेस ते सांग, परवानगी घे — लाज आवळलेली असली की स्नायूही सुटत नाही.

१३. खाट आपल्या उंचीला आणून घे, गुडघ्यात वाक, जड माणसासाठी मदतीला हाक मार. आपली कंबर गेली तर दुसऱ्याची कोण बघणार?

इथे जरा थांबते, कारण हे मला मनापासून सांगायचं आहे. पेशंट येतानाच म्हणतो, ‘मॅडम, शेक द्या आणि करंट लावा.’ त्याची काही चूक नाही, त्याला तेच माहीत असतं. शेकानं, करंटनं दुखणं थोडं उतरतं आणि व्यायामाला वाट मोकळी होते, इतकाच त्यांचा मान. जिथे माणसं ओळीनं मशीन लावून झोपतात आणि पैसे देऊन निघून जातात, तिथे नोकरी मिळाली तरी फार काळ राहू नकोस. यंत्र झोपवून ठेवतं, व्यायाम उठवून बसवतो. पेशंटला आपली गरज उरू नये, यासाठीच आपण आहोत.

१४. घरचे व्यायाम तीनच दे आणि रोजच्या कामाला बांधून दे : कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत टाच उचलणं, मालिका लागली की मांडीचा स्नायू आवळणं. दहा चित्रांचा कागद फ्रिजवर चिकटतो, अंगात उतरत नाही.

१५. व्यायामानंतर थोडा ठणका चालेल, पण दुसऱ्या सकाळीही तसाच राहिला तर कमी करा, असं स्पष्ट सांग. नुसतं ‘दुखलं तर थांबा’ म्हटलंस तर अर्धे पहिल्याच दिवशी थांबतील.

आता वाटांबद्दल. क्रिकेटच्या संघाबरोबर मैदानात धावायचं तुझं स्वप्न मला ठाऊक आहे, आणि छान आहे ते. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत दिवसभर घोट्यांना टेप लावून बघ, संध्याकाळीही मजा वाटत असेल तर ती वाट तुझी.

१६. दुसऱ्या वर्षातच ‘मी स्पोर्ट्सच करणार’ असं जाहीर करू नकोस. इंटर्नशिपचं प्रत्येक पोस्टिंग जणू तेच आयुष्यभर करायचं आहे असं कर. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या छातीतला कफ मोकळा करणं, बाळंतपणानंतर ओटीपोटाचे स्नायू पुन्हा कामाला लावणं, दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यांच्या माना सोडवणं, हे सगळं आपलंच काम आहे.

१७. मुलांच्या विभागात धीर धरणारीच टिकते. सेरेब्रल पाल्सीच्या बाळाला मान धरायला कधीकधी महिनोन्‌महिने लागतात, आणि त्या काळात बाळाइतकंच त्याच्या आईलाही सावरावं लागतं. कुठल्या पेशंटचा तुला कंटाळा येत नाही ते बघ, पगार त्यानंतर बघ.

१८. जमलं तर मुंबईला हाजीअलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था बघून ये. १९५५ पासूनची आहे. कृत्रिम पाय बनवणारा, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि आपण, एकाच माणसासाठी कसे एकत्र काम करतो ते अशा ठिकाणी दिसतं.

१९. एमपीटीएचला घाई नको. आधी एखादं वर्ष गर्दीच्या रुग्णालयात पोटभर पेशंट बघ — विषय पुस्तकातून आवडतो, पण निभावतो वॉर्डात.

२०. परदेशी जायचं मनात असो-नसो, पहिल्या वर्षापासून अभ्यासक्रमाची प्रत आणि पोस्टिंगच्या तासांचे दाखले एका फाईलमध्ये जपून ठेव. अमेरिकेत परवान्याच्या परीक्षेआधी आपलं शिक्षण तपासून घ्यावं लागतं, इंग्लंडमध्येही नोंदणीसाठी कागद मागतात; आणि दहा वर्षांनी कॉलेजात ते शोधून देणारं कुणी सापडेलच असं नाही.

२१. राज्याच्या परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय एकही पेशंट स्वतःच्या नावावर घेऊ नकोस. आपल्या पेशासाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आहे, त्याचे नियम बदलतील तसे वाचत जा.

२२. घरी जाऊन व्यायाम घेणार असशील तर पत्ता आणि वेळ कुणाला तरी कळवून जा, आणि पहिल्या दिवशी पेशंटच्या बाथरूमची फरशी, उंबरठा, पायपुसणं बघ — म्हातारी माणसं बहुतेकदा तिथेच घसरतात.

२३. स्वतःचं क्लिनिक तळमजल्यावरच घे, भाडं थोडं जास्त पडलं तरी. जिना चढता येणारा पेशंट निम्मा बराच झालेला असतो.

२४. कट देऊन पेशंट आणू नकोस, कितीही मोठ्या माणसानं सुचवलं तरी — ज्याच्या पैशातला वाटा परस्पर जातो, त्याला गरजेपेक्षा जास्त दिवस बोलवायचा मोह होतोच. बरा झालेला माणूस चार जणांना पत्ता सांगतो. थोडं हळू होतं, पण टिकतं.

२५. वॉर्डात काही अडलं, एखाद्या पेशंटबद्दल शंका आली, तर त्याच दिवशी वरिष्ठांना विचार, दुसऱ्या दिवसावर ढकलू नकोस. आणि नुसतंच मन जड झालं असेल तर मला फोन कर. रात्री दहापर्यंत मी जागीच असते.