लॅपटॉप अखंड चालू ठेवावा काय?

लॅपटॉप संगणक दिवसरात्र चालू ठेवावा की काम संपताच बंद करावा, या प्रश्नाला अनेकजण जे उत्तर देतात त्यामागे एक जुनी समजूत असते : यंत्र वारंवार चालू-बंद केल्याने झिजते, म्हणून ते चालूच असलेले बरे. ही समजूत निराधार नाही. मात्र ज्या यंत्रांच्या अनुभवातून ती आली ती यंत्रे आज वापरात नाहीत. १९४६ साली अमेरिकेत लोकांपुढे आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका, म्हणजे आतील हवा काढून टाकलेल्या आणि तापलेल्या तंतूच्या आधारे काम करणाऱ्या नळ्या होत्या. त्यांपैकी बहुतेक तापताना किंवा निवतानाच निकामी होत असल्यामुळे तो संगणक शक्यतो बंदच न करण्याची पद्धत पडली, आणि मेरीलँडमधील ॲबरडीन येथे हलवल्यानंतर जुलै १९४७ पासून ऑक्टोबर १९५५ पर्यंत तो जवळजवळ सलग चालवला गेला. आजच्या लॅपटॉपमध्ये अशा नलिका नाहीत, आणि ज्यांत एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली साठवण आहे, त्यांना रोजच्या चालू-बंद करण्याने जाणवण्याजोगी झीज होत नाही. ती धास्ती आता सोडून द्यावयास हरकत नाही.

अखंड चालू राहण्याचा खरा भार पडतो तो बॅटरीवर. १९९१ साली प्रथम बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी आज जवळपास प्रत्येक लॅपटॉपमध्ये असते आणि तिचा प्रत्येक घट पूर्ण भरला म्हणजे त्याचा दाब साधारण ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. या उच्च दाबाला घटातील विद्युत्-अपघटनी द्रव, म्हणजे ज्यातून लिथियमचे आयन एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जातात तो द्रव, हळूहळू विघटित होऊ लागतो, ध्रुवांवर निरुपयोगी थर साचतो, आणि काही वेळा वायू तयार होऊन बंद पाकीट फुगते. तापमान वाढले की ही क्रिया वेगाने होते. दर दहा अंश सेल्सिअसला रासायनिक क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो, हा ढोबळ नियम येथेही उपयोगी पडतो. चार्जर जोडून ठेवल्याने बॅटरी ‘जास्त भरते’ असे जे म्हटले जाते ते मात्र चुकीचे आहे, कारण पूर्ण भरल्यावर आतील नियंत्रक मंडल भरणा थांबवते. बॅटरी महिनोन्महिने शंभर टक्के भरलेल्या स्थितीत आणि त्याच वेळी गरम राहणे, हेच तिच्या अकाली ऱ्हासाचे कारण होय.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका घरी टाळेबंदीच्या काळात कामासाठी आलेला लॅपटॉप पुढे कायमचा टेबलावर राहिला. मोठा पडदा जोडलेला असल्याने त्याचे झाकण मिटलेले असे, चार्जर कधी निघत नसे, आणि रात्रीही तो चालूच असे. पहिली खूण दिसली ती टचपॅडवर : त्याची कळ दाबली जाईना, आणि ती धुळीने अडकली असावी असे समजून घरातील माणसे बोटाने अधिक जोर देत राहिली. पुढे यंत्र सपाट टेबलावर डुगडुगू लागले आणि तळाच्या पत्र्याची शिवण उकलली, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने ते उघडले. टचपॅडच्या खालचे घट फुगून वर आले होते, आणि इतके दिवस बोटाचा दाब पडत होता तो त्यांच्यावरच. सुदैवाने पाकीट फुटले नाही. फाटलेल्या लिथियम घटातील ध्रुव एकमेकांना भिडल्यास तो पेट घेऊ शकतो, म्हणून अशी खूण दिसताच चार्जर काढावा, यंत्र बंद करावे, कोणताही भाग दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये, आणि बॅटरी जाणत्या कारागिराकडूनच काढून घ्यावी. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकणे धोक्याचे तर आहेच, पण २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती वेगळी ठेवून संकलनासाठी देणे हे ग्राहकाचे कर्तव्यही आहे.

या प्रकारातून निघणारा उपाय साधा आणि बिनखर्चाचा आहे. बहुतेक उत्पादकांच्या नव्या लॅपटॉपांत भरणा ऐंशी टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते. ती उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या बायॉसमध्ये सापडते, आणि ज्यांचा लॅपटॉप बहुतांश वेळ टेबलावरच असतो त्यांनी ती आजच चालू करावी. ज्या यंत्रात ही सोय नाही, ते अधूनमधून चार्जर काढून बॅटरीवर चालवावे. मात्र ती पूर्ण रिकामी करण्याचा जुना सल्ला लिथियम बॅटरीला लागू नाही.

उष्णतेचा मुद्दा आपल्याकडे अधिक गंभीर आहे. अनेक उत्पादक भोवतालच्या हवेची कमाल मर्यादा ३५ अंश सांगतात, आणि चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात दुपारचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा खोलीत झाकण मिटून, किंवा गादीवर तळाच्या जाळ्या झाकल्या जातील असा ठेवून चालवलेला लॅपटॉप पंख्याने कितीही हवा फेकली तरी थंड होत नाही, कारण आत येणारी हवाच तापलेली असते. दुपारी काम नसेल तर त्या काळात तो बंदच असावा.

सॉफ्टवेअरच्या बाजूने पाहता अखंड चालण्याचे दोष अधिक सूक्ष्म आहेत. विंडोज ९५ व ९८ या प्रणालींतील एक कालगणक मिलिसेकंद मोजत असे आणि सुमारे ४९.७ दिवसांनी त्याची मर्यादा संपून संगणक थिजत असे. याहून दारुण उदाहरण २५ फेब्रुवारी १९९१ चे आहे : सौदी अरेबियातील धाहरान येथील पेट्रियट क्षेपणास्त्र-रोधक यंत्रणा शंभरहून अधिक तास सलग चालू होती, वेळ मोजण्यातील अत्यल्प चूक साचत जाऊन सुमारे एक तृतीयांश सेकंद झाली, येणाऱ्या स्कड क्षेपणास्त्राचा माग चुकला, आणि अठ्ठावीस सैनिक प्राणास मुकले. यंत्रणा फार वेळ चालवल्यास दोष उद्भवतो अशी सूचना काही दिवस आधी पाठवली गेली होती. फार वेळ म्हणजे किती, हे मात्र तीत सांगितलेले नव्हते. घरच्या लॅपटॉपवर असे काही ओढवत नाही हे उघड आहे, परंतु मोघम सल्ल्याचा उपयोग होत नाही, हे या घटनेइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.

म्हणून येथे नेमकेपणाने सांगणे इष्ट आहे : आठवड्यातून एकदा लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करावा. काही प्रोग्रॅम घेतलेली स्मृती परत करत नाहीत, आणि सुरक्षेच्या कित्येक सुधारणा पुन्हा सुरू केल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असल्यास ‘शट डाउन’ केल्यावरही प्रणालीचा गाभा साठवणीत जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत आणला जातो. त्यामुळे रोज रात्री बंद होणारा संगणकही आतून महिनाभर जुनाच राहू शकतो. ‘रीस्टार्ट’मध्ये तसे होत नाही.

कामाच्या मधल्या विश्रांतीसाठी ‘स्लीप’ पुरेसे आहे. त्यात स्मृतीला थोडी वीज मिळत राहते आणि बाकीचे यंत्र थांबते. ‘हायबरनेट’मध्ये स्मृतीतील सारे साठवणीत लिहून यंत्र पूर्ण थांबते. प्रवासाला निघताना हाच पर्याय निवडावा, कारण अनेक नव्या लॅपटॉपांत ‘स्लीप’च्या अवस्थेतही यंत्र नेटवर्कसाठी मधूनच जागे होते, आणि बंद बॅगेत जागे झालेले यंत्र किती तापते हे पुणे-मुंबई प्रवासानंतर बॅग उघडणाऱ्या अनेकांना ठाऊक आहे.

मोठी गणना, लांबलचक डाउनलोड किंवा चित्रफितीचे संपादन यांसाठी ज्यांना रात्रभर लॅपटॉप चालवणे भाग आहे, त्यांनी तो खुशाल चालवावा : झाकण उघडे, खाली कठीण व सपाट पृष्ठभाग, पडदा बंद, भरण्यावर मर्यादा. अपवाद एकच. वळवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या की चार्जर भिंतीतून उपसून काढावा आणि इंटरनेटची तार जोडलेली असल्यास तीही काढावी. भिंतीवरचे बटण बंद केल्याने संपर्कात जेमतेम काही मिलिमीटरचे अंतर पडते, आणि जवळ पडलेल्या विजेचा दाब ते सहज ओलांडतो. काम चालू असले तरी बॅटरी तेवढा वेळ ते निभावून नेते.