चूक एक, वाटा दोन

प्रश्न : आमच्या मुलीला एडीएचडी असल्याचं निदान झालंय. अशा मुलांची निर्णयक्षमता संगणकाच्या मॉडेलवरून अभ्यासतात, असं वाचलं. चंचलपणा गणितात कसा बसवणार?
– एक पालक, नाशिक

उत्तर : सुरुवात एका खेळापासून होते. पडद्यावर दोन चित्रं. एक निवडलं तर दहापैकी साधारण आठ वेळा गुण मिळतात, दुसऱ्याला दोनदाच. हे कुणी सांगत नाही, खेळता खेळता कळायचं. जरा जम बसला की गुपचूप अदलाबदल! एखादीला गुण कमी पडले की आपण म्हणून मोकळे होतो, ‘लक्षच नव्हतं.’ पण कोणतं चित्र बरं हे तिला उशिरा कळलं असेल, किंवा कळूनही ती अधूनमधून दुसरं दाबून पाहत असेल. नुसत्या गुणांवरून हे ओळखू येत नाही.

इथे रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांचं 1972 चं सूत्र कामी येतं. अपेक्षा किती होती, मिळालं किती, या फरकाचा काही हिस्सा जुन्या अंदाजात मिळवायचा. तो हिस्सा म्हणजे शिकण्याचा वेग. दुसरा आकडा, आपल्या अंदाजाला धरून राहण्याचा. मुलीच्या एकेका निवडीशी जुळेल अशी या दोन आकड्यांची जोडी संगणक शोधतो. मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी असाच फरक नोंदवतात, हे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं. एडीएचडीवरचं मेथिलफेनिडेट डोपामिनवरही काम करतं. संशोधकांना या सूत्रात रस वाटतो तो त्यामुळेच.

मला जास्त चकित करतं ते रॉजर रॅटक्लिफ यांचं 1978 चं मॉडेल. त्यात निर्णय म्हणजे पुरावा साठत साठत एका रेषेपर्यंत पोचणं. ही मुलं उतावळी, म्हणजे त्यांची रेषा जवळ असणार, असं कुणालाही वाटेल. पण अनेक अभ्यासांत रेषेपेक्षा पुरावा साठण्याचा वेगच कमी आढळला. उतावळेपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

मात्र हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. एकाच मुलाचे आकडे आज एक, पुढच्या महिन्यात वेगळे येऊ शकतात. निदान अजूनही पालक-शिक्षकांची माहिती आणि डॉक्टरांची तपासणी यांवरच होतं. पंधरा मिनिटांच्या खेळावरून निदान करून देतो, असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका.