मीटरसमोरचे एक मिनिट

वीज वितरण कंपनीचा मीटर रीडर कधी जिन्याखालच्या अंधारात, तर कधी भर उन्हात कुंपणाच्या भिंतीशी, मीटरसमोर जेमतेम एक मिनिट उभा असतो. तेवढ्यात त्याने टिपलेल्या आकड्यावर ग्राहकाचे महिन्याचे बिल ठरते. पूर्वी हा आकडा वहीत उतरवला जाई व कार्यालयात दुसरी व्यक्ती तो संगणकात भरत असे. मोबाईल ॲप आल्यापासून मधला हात नाहीसा झाला. काम वेगवान झाले. पण चूक पकडणारी दुसरी नजरही त्याबरोबर गेली. असे ॲप नव्याने रचताना हा मुद्दा प्रथम ध्यानात घ्यावयास हवा.

एक साधे उदाहरण पाहू. मागील रीडिंग ४४६२ आणि आजचे ४५६२, म्हणजे वापर १०० युनिट. घाईत ४६५२ टिपले गेले, तर तोच वापर १९० युनिट दिसेल. फरक ९०. तेरीज जुळत नसेल आणि फरकाला ९ ने भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल शोधावी, हा हिशेबनिसांचा जुना नियम येथेही लागू पडतो. पुढील महिन्यात अचूक रीडिंग ४६६२ आले, की वापर १० युनिट दिसतो आणि दोन महिन्यांची बेरीज २०० बरोबर येते. युनिट जुळले, पैसे मात्र जुळत नाहीत. महाराष्ट्रात घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटपर्यंत आहे. त्यामुळे तक्रार करून बिल दुरुस्त करून घेतले नाही, तर ९० युनिटांची आकारणी विनाकारण वरच्या दराने होते.

थकलेल्या बिलापोटी १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडण्याचा अधिकार वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ ने कंपनीला दिला आहे. बिल वादग्रस्त असल्यास ग्राहक मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी कमी असेल ती निषेध नोंदवून भरू शकतो व जोडणी वाचवू शकतो. ही तरतूद फार थोड्या ग्राहकांना ठाऊक असते.

आता ॲपकडे वळू. घराला कुलूप आहे, मीटर आत आहे. प्रामाणिक रीडरने काय करावे? यादी उघडावी, पंचवीस-तीस कारणांतून योग्य कारण शोधावे, शेरा लिहावा, दाराचे छायाचित्र काढावे आणि नेटवर्क येईपर्यंत थांबावे. याउलट गेल्या महिन्याच्या अंदाजाने चार अंक दाबले, की काम संपले. दिवसाकाठी शेकडो मीटर पाहावयाचे असतील, तर ॲपनेच खोट्याची वाट जवळची करून ठेवली आहे, असे म्हणावे लागेल. दोष केवळ माणसाला देऊन भागणार नाही. ‘घर बंद’, ‘मीटर बंद’ आणि ‘मीटर दिसत नाही’ ही नेहमीची कारणे पहिल्याच पडद्यावर मोठ्या बटणांच्या रूपाने असावीत. दुर्मिळ कारणे खुशाल आत राहोत.

मागील रीडिंग पडद्यावर दाखवावे काय, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. दाखवले तर अंदाजाला आधार मिळतो. न दाखवले तर चूक जागीच लक्षात येत नाही. यावर मार्ग असा की, रीडरने आधी मीटरवरचाच आकडा भरावा आणि मग ॲपने तो नेहमीच्या वापराशी ताडून पाहावा. तफावत मोठी असल्यास ‘पुन्हा पाहून भरा’ एवढेच सांगावे, अपेक्षित आकडा सांगू नये. एकाने नोंद करावी व दुसऱ्याने ती मूळ कागदाशी पडताळावी, या बँकेतील रिवाजाचाच हा एक प्रकार होय.

मीटरही सगळे सारखे नसतात. जुन्या चक्राच्या अनेक मीटरांत शेवटचा लाल अंक दशांशाचा असतो. तो धरला, तर रीडिंग दहापट होते. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, युनिट, कमाल मागणी असे आकडे आळीपाळीने सरकतात. त्या त्या जोडणीच्या मीटरचे छोटे चित्र ॲपमध्ये दिसले आणि टिपावयाची जागा त्यात ठळक केली, तर नवा रीडरही चुकणार नाही.

अंकांची बटणे मोठी हवीत. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार लक्ष्य जितके लहान व दूर, तितका तेथे अचूक पोहोचण्यास वेळ अधिक; शिवाय रीडरचा एक हात विजेरीत गुंतलेला असतो. बँकेतील कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वरच्या ओळीत असतात, टेलिफोनवर १-२-३. बोटे सवयीची गुलाम असल्याने मोबाईलवर टेलिफोनचीच मांडणी ठेवणे इष्ट. उन्हात वाचता यावे म्हणून पांढऱ्यावर काळे अंक पुरेत. शोभेचे रंग कार्यालयातच छान दिसतात.

नेटवर्क नसेल तेव्हा नोंद फोनमध्येच साठावी आणि नंतर आपोआप जावी. रीडिंग घेतल्याची वेळ व ती पोहोचल्याची वेळ मात्र स्वतंत्र ठेवावी. व्यवहाराची तारीख आणि नोंदीची तारीख यांतला भेद बँक कर्मचाऱ्यांना वेगळा समजावयास नको.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत सुमारे २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरांचे लक्ष्य ठेवले गेले. हे मीटर आकडा स्वतःच पाठवतात. तरीही ते बसवणारा, बिघाड तपासणारा कर्मचारी हातात ॲप घेऊनच दारी येतो, आणि खेड्यात बँकेची सेवा देणारा व्यवसाय प्रतिनिधीही त्याच उन्हात उभा असतो.

नवे ॲप एकदम सर्वत्र लावू नये. बँकांनी संगणकीकरणाच्या वेळी जुनी व नवी पद्धत काही काळ समांतर चालवली, तसे एका विभागात एक महिना करून पाहावे. त्या महिन्यात ‘घर बंद’ नोंदी वाढलेल्या दिसल्या, तर अधिकाऱ्यांनी दचकू नये. त्यांतली बरीच कुलपे पूर्वीही तेथेच असावीत. त्या घरांची यादी काढून पुढील फेरी सायंकाळी किंवा रविवारी ठेवणे हे काम मात्र ॲपचे नव्हे, कार्यालयाचे आहे.