तीन डोस घेतले, तरी लस लागू झाली नाही तर?

आपल्या वस्त्यांतले कितीतरी लोक दवाखान्यात आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार म्हणून राबतात. कचऱ्यातली वापरलेली सुई टोचते ती त्यांच्याच हाताला. कावीळ ब, म्हणजे हिपॅटायटिस बी, अशाच रक्तातून पसरते. तिच्यावर लस आहे आणि तीन डोस झाले की आपण निश्चिंत होतो. पण शंभरातल्या पाच-दहा मोठ्या माणसांना या लशीने संरक्षण मिळतच नाही. चाळिशी उलटलेले, लठ्ठ, बिडी-सिगारेट ओढणारे, मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेले यांत जास्त. लस दंडाऐवजी कुल्ल्यावर टोचली किंवा फ्रीजमध्ये गोठली असेल, तरीही ती नीट लागू होत नाही.

हे कळते अँटी-एचबीएस नावाच्या रक्ततपासणीने. शेवटच्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांत ती करायची. आकडा 10 किंवा त्याहून जास्त आला की संरक्षण आहे. तो पुढे वर्षानुवर्षे उतरत जातो, तेव्हा घाबरू नका. एकदा लागू झालेली लस शरीर सहसा विसरत नाही. घरातल्या सगळ्यांनी ही तपासणी करायची गरज नाही. दवाखान्याचे व कचऱ्याचे काम करणारे, डायलिसिसवरचे, एचआयव्ही असलेले आणि ज्यांच्या जोडीदाराला हा आजार आहे, त्यांनी मात्र करावी.

आकडा 10 पेक्षा कमी आला, तर डॉक्टरांना विचारून पुन्हा तीन डोस घ्यावेत आणि परत तपासावे. बऱ्याच जणांना या खेपेस लस लागू होते. तरीही नाही झाली, तर एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या तपासण्या करा. कारण विषाणू आधीच अंगात असला, तर लस लागू होणारच नाही. तसे निघाले तर काविळीच्या माळेच्या नादी लागू नका. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात याची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. आणि त्या माणसाचे ताट वेगळे करू नका, एकत्र जेवल्याने हा आजार होत नाही. दाढीचे ब्लेड, नेलकटर, टूथब्रश मात्र वेगळे हवेत.

विषाणू नाही, पण लसही लागू झाली नाही, अशा माणसाने कामावर जाड हातमोजे सोडू नयेत. सुई टोचलीच तर जखम पिळू नका, तोंडात घालू नका. साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. रुग्ण बाधित असेल किंवा सुई कोणाची ते माहीत नसेल, तर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन लागते. ते शक्यतो 24 तासांत आणि दुसरे महिन्याने. महाग असते, म्हणून टोचल्याची नोंद त्याच दिवशी रजिस्टरमध्ये करून घ्या. ‘लस घेतलीय ना, काही होत नाही,’ म्हणून मुकादम परत पाठवू लागला, तर तपासणीचा कागद पुढे करा. त्याची झेरॉक्स ओळखपत्राबरोबर ठेवा.